बांधावरची अकरा जांभळं

सोनिवलीत जांभळाची झाडं बऱ्याच जणांकडे होती, पण लोक नाव घ्यायचे ते बाळाजीच्या जांभळांचं. घरामागच्या बांधाला ओळीनं अकरा झाडं. बाकीच्यांनी आपापली झाडं व्यापाऱ्यांना ठेक्यानं देऊन टाकली होती. ठेकेदाराची माणसं येत, चढून फांदीच्या फांदी मोडून खाली टाकत, आणि खाली बसलेल्या बायका फळं खुडून घेत. काम झटपट, झाड मात्र पुढल्या वर्षी लंगडं. बाळाजीनं उभ्या आयुष्यात एकदाही झाड ठेक्यानं दिलं नाही. "गाय भाड्यानं दिली तर घेणारा रगत निघंपर्यंत पिळंल," असं तो म्हणायचा. तो स्वतः चढायचा. कमरेला टोपली, दोन बोटांत घोसाचं देठ. फळावरची निळसर भुकटीसुद्धा पुसली न जाता जांभूळ खाली यायचं.

दोन वर्षांपूर्वी ऐन हंगामात त्याच्या बोटांतून घोस निसटायला लागले. पहिल्यांदा तो हसला. वय झालं म्हणाला, सत्तेचाळिसाव्या वर्षी. मग शर्टाची बटणं लागेनात. मग चप्पल चालता चालता मागे राहू लागली. बदलापूर, उल्हासनगर, मुंबई असे तीन गावचे डॉक्टर झाले आणि तिसऱ्यानं आजाराचं नाव सांगितलं. मोटर न्यूरॉन. गावात ते नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही, 'नसांचा आजार' एवढंच बसलं. डॉक्टर म्हणाले, डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील, बाकी एकेक करून जाईल. बाळाजीची आई राजाबाई तिथंच होती. तिनं विचारलं, "मंग डोकं तरी कशाला ठेवतो देव?" याचं उत्तर असल्याचा आव डॉक्टरांनी आणला नाही, हे बरं केलं.

यंदाच्या शिमग्यापर्यंत हात गेले, पाय गेले. वैशाखात पाळी श्वासावर आली.

बाळाजीची बायको तुळशी, तिचा दिवस पाचला सुरू व्हायचा. नवऱ्याला आडवं झोपवत नव्हतं. आडवा झाला की छातीवर जातं ठेवल्यासारखा तो डोळे फाडायचा. म्हणून तो लाकडी खुर्चीत उशा लावून बसून झोपे. सकाळी उठला की डोकं ठणकलेलं. ती त्याच्या काखेत हात घालायची, गुडघ्याला गुडघा टेकवून त्याला उभा करायची आणि मोरीत न्यायची. माणूस वाळला होता, पण निर्जीव हातपायांचं वजन वेगळंच असतं. दात घासून द्यायचे, आ करायला लावून जिभेवरून फडकं फिरवायचं, पेज भरवायची. पेज भरवताना हनुवटी खाली, नाहीतर ठसका. ठसका लागला तर खोकायलाही छातीत दम नाही. तिनंच दोन्ही हातांनी त्याचं पोट खालून वर दाबायचं. सासू उंबऱ्यात बसून हे बघायची आणि मधूनच तोंड फिरवायची.

उल्हासनगरच्या नीलिमा डॉक्टरांनी श्वासाचं मशीन लिहून दिलं होतं. पेटीएवढं मशीन, त्याला नळी आणि नाकातोंडावर बसणारा मास्क. रोज झोपताना आणि दुपारी दोन तास लावायचं, छातीला तेवढाच विसावा. मुलीनं, तेजलनं, धावपळ करून ते भाड्यानं आणलं. ती अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंगला होती, सकाळी सातला घर सोडायची. बाळाजीनं मास्क दोनदा लावून घेतला. तिसऱ्यांदा तुळशीनं पट्टा हातात घेतला तसा त्यानं तोंड बाजूला केलं. मान तेवढी अजून फिरत होती.

"मुसकं," तो म्हणाला. एका दमात त्याचे तीन-चारच शब्द निघत. "मळणीचा... बैल हाय का मी?"

"बैल असता तर बरं झालं असतं. बैल ऐकतो तरी."

"बैल म्हातारा झाला... तर सोडतात. मला पण सोड."

तुळशी बोलायला कमी नव्हती. माहेर मुरबाडकडचं, जीभ तिखट. पण या वाक्यावर तिनं मास्क पिशवीत घालून पिशवी खुंटीला अडकवली आणि भांडी घासायला बसली. त्या दिवशी भांडी फार स्वच्छ निघाली.

मनाच्या दुखण्यावरही डॉक्टरांनी एक गोळी दिली होती. तुळशी ती कुस्करून केळ्यातून द्यायची. राजाबाई म्हणायची, मनाला कसली गोळी लागू पडते? गोळी लागू पडली की नाही कुणास ठाऊक, पण बाळाजीनं एक गोष्ट सोडली ती सोडलीच. जांभळं पिकू लागली होती, पहाटे बांधावर पोपटांचा कालवा चाले, घरात आंबूस गोड वास येई, आणि तो कोणतं झाड आधी धरलं म्हणून विचारीत नव्हता. तुळशीला श्वासापेक्षा याची धास्ती जास्त होती.

अशात एका सकाळी तिचा दीर जितेश टेम्पोतून मंडळाचं ऑक्सिजनचं मशीन घेऊन आला.

या मशीनची एक कथा आहे. करोनात बाळाजी-जितेशचा बाप गेला. ऑक्सिजनची खाट मिळेना म्हणून चार हॉस्पिटलांच्या दारांतून गाडी परत आली आणि म्हातारा गाडीतच संपला. तेव्हापासून जितेशनं उराशी एकच गोष्ट धरली. गावातून वर्गणी काढून त्यानं हे मशीन आणलं, मंडळाच्या खोलीत ठेवलं, वर प्लॅस्टिकचं आच्छादन शिवून घेतलं. दर दसऱ्याला गावातल्या ट्रॅक्टर-टेम्पोबरोबर त्या मशीनलाही झेंडूचा हार पडायचा. लोक जाता-येता त्याला हातसुद्धा जोडायचे. करोना गेला, तरी मशीन हवेशीर खोलीत देवासारखं बसून होतं.

"वयनी, तो मास्कवाला डबा नको त्याला तर नको," जितेश म्हणाला. "हे बघ, नुसती बारकी नळी नाकात. शुद्ध ऑक्सिजन. बाबाला हे भेटलं असतं तर बाबा आज ओटीवर बसला असता."

"डॉक्टरनीला इचारू का?"

"ऑक्सिजनला काय इचाराचं? पानी पाजाला इचारतेस का?"

बाळाजीनं नळीला ना म्हटलं नाही. भावाच्या तोंडाकडे बघून म्हटलं नाही. राजाबाईनं मशीनला हळदकुंकू लावलं आणि बटण दाबलं गेलं.

आणि खरोखर गुण आला. पहिल्याच दुपारी बाळाजी खुर्चीत शांत झोपला. कपाळावरच्या आठ्या गेल्या, गालांवर जराशी लाली आली. दुसऱ्या दिवशी तो जास्त झोपला. उठवलं की हूं म्हणे, दोन घास खाई, पुन्हा मिटे. 'सोड मला' नाही, डोळ्यांतून पाणी नाही. घराला कित्येक महिन्यांनी शांतता मिळाली. तुळशीनं खालच्या फांद्यांची जांभळं काढली, पाट्या भरल्या, फळं दबू नयेत म्हणून कडेनं कुड्याची पानं लावली, बदलापूरला जाऊन बाजार करून आली. येताना तिनं स्वतःसाठी वडापाव घेतला आणि रिक्षा स्टँडवर उभ्या उभ्या चवीनं खाल्ला. त्या दोन दिवसांत ती सुखात होती. हे तिनं पुढं कुणालाही सांगितलं नाही.

तिसऱ्या दुपारी पेज घेऊन आली तर तो उठेना. हाक मारली, गालावर चापटी मारली, पाणी शिंपडलं. अंग गरम, घाम सुटलेला, आणि डोळ्यांच्या पापण्या उघडल्या तरी बुबुळं कुठंतरी भलतीकडे. नाकातली नळी मात्र इमानेइतबारे फुसफुसत होती.

जितेशच्याच टेम्पोतून त्याला उल्हासनगरला नेलं. नीलिमा डॉक्टरांनी आधी नळी उपटली, मास्क चढवला आणि मग तोंड उघडलं.

"कुणी सांगितलं हे लावायला? ह्याच्यात ऑक्सिजन कमी नाहीये, छातीच्या स्नायूंत ताकद कमी आहे. हवा आतबाहेर करायला मशीन दिलं होतं ना? नुसता ऑक्सिजन दिला की आतली खराब हवा आतच साठते. माणसाला गुंगी येते. ती झोप नव्हती, ताई. तो बुडत होता."

जितेश भिंतीला टेकून उभा होता. गावात ज्याच्या आवाजानं भांडणं मिटायची तो माणूस खाली बसला आणि गुडघ्यात डोकं घालून रडू लागला. डॉक्टरांचा आवाज उतरला. त्या म्हणाल्या, "माणसं वाचवायलाच केलंत. पण पुन्हा विचारल्याशिवाय काही करू नका."

तुळशी रडली नाही. तिला सारखा तो वडापाव आठवत होता.

चौथ्या दिवशी बाळाजी घरी आला. शुद्धीवर होता, डोळे स्वच्छ. मास्क काढल्यावर त्यानं पहिली गोष्ट विचारली, "झोपलो होतो... बरा. उठवलंस कशाला?"

तुळशीच्या हातात ओलं फडकं होतं. ती म्हणाली, "पेज गार होत होती म्हनून."

तो हसला नाही. पुन्हा मास्कही लावून घेतला नाही. हॉस्पिटलात डॉक्टरांपुढं चाललं नव्हतं, इथं घर त्याचं होतं. डॉक्टरांनी निघताना तुळशीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मास्क लावला तर काही महिने, कदाचित जास्त. नाही लावला तर पावसाळ्याचंही सांगता येत नाही. जबरदस्ती करता येणार नाही, त्याची इच्छा हवी. इच्छा कुठल्या बाजारात मिळते ते मात्र त्यांनी लिहून दिलं नव्हतं.

इकडं वरची जांभळं पिकून गळायला लागली. बांधाखाली जांभळा चिखल झाला. उल्हासनगरचा एक व्यापारी फटफटीवरून येऊन झाडं बघून गेला. "भाभी, पेड दे दो. मेरे लडके दो दिन में साफ कर देंगे."

"साफच करतील," तुळशी म्हणाली. "पेड पण साफ."

जितेशचा जीव ठेक्यात होता, पण परवाच्या प्रकारानंतर तो वहिनीपुढं आवाज काढत नव्हता. दरवर्षी मदतीला येणारी भिमाबाई, वाडीतली, तिचा नवरा चांगला चढणारा. पण तो यंदा शिरगावच्या बिल्डिंगवर परांचीवर होता. उंच चढायचंच तर तिथं हजेरी जास्त, असं भिमाबाई म्हणाली, आणि त्यात चूक काही नव्हतं.

तुळशीनं तेजलची जुनी ट्रॅक पँट चढवली, वरून नवऱ्याचा शर्ट, कमरेला टोपली बांधली. राजाबाई उंबऱ्यात आडवी झाली.

"बाईचा पाय लागला तर झाड वांझ व्हईल. या घरात कुनी बाय चढली नाय."

"पुरुष चढतोय का बघा मंग कुनी. मी थांबते."

"लोक हसतील."

"हसू द्या. हसनाऱ्याचे दात मोजाला येळ नाय आपल्याला, वर चढल्यावर."

म्हातारी बाजूला झाली, पण बाजूला होऊन तिनं झाडांकडे हात जोडले. ते सुनेसाठी की झाडांसाठी, देव जाणे.

जितेशनं बाळाजीला चाकाच्या खुर्चीतून बांधावर आणून सावलीत बसवलं. तुळशीचीच तशी इच्छा होती. घरात म्हातारीच्या भरवशावर सोडायची तिला भीती वाटे. तो बघत नव्हता. मान खाली, डोळे पायाच्या बोटांवर. नाक्याकडची पहिली दोन झाडं तिनं कशीबशी निम्म्यापर्यंत काढली. लहानपणी चिंचेवर चढलेली बाई, पण चिंच इमानी झाड. जांभळाचा भरवसा नाही. वरून हिरवीगार, रसरशीत दिसणारी फांदी आतून कधी पोकळ होते ते त्या फांदीलाही कळत नाही.

तिसरं विहिरीवरचं. त्याची एक फांदी विहिरीच्या अंगाला गेली होती, आणि सगळ्यात टपोरे घोस तिच्यावरच होते. तुळशी सरकत सरकत तिकडं निघाली. खाली बाळाजीनं त्या दिवसात पहिल्यांदा मान वर केली. वरून तिला दिसलं, त्यानं तोंड उघडलंय. तिला वाटलं, जांभई देतोय. तिनं पाय टाकला.

काडकन आवाज झाला. फांदी गेली, टोपली गेली, ती स्वतः दोन हात खाली बेचक्यावर आदळली आणि तिथंच अडकली म्हणून वाचली. काखेपासून मनगटापर्यंत कातडं सोललं. जरा वेळ काही सुचलं नाही. मग विहिरीत पडलेल्या जांभळांचे टप टप आवाज ऐकू आले. ती एकेक पाय चाचपत उतरली, खुर्चीपाशी आली, तर बाळाजीचं तोंड अजून उघडंच होतं आणि नाकाडोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. ते पुसायला त्याला हात नव्हते. तिनं आधी त्याचं नाक पुसलं, मग आपलं रक्त.

"वरडलो मी," तो म्हणाला. "वरडलो... तुळशे. आवाज... नाय निघाला. पोकळ हाय... ती. माहीत होतं... मला."

"असू दे. मेले नाय."

"आवाज... नाय निघाला," तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला. ती त्याचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. रस्त्यावरून दोन बाया बघत गेल्या. तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुपारी दंडाला हळद लावून ती बसली होती. बाळाजी खुंटीवरच्या पिशवीकडे बघत होता. मग म्हणाला, "लावला तर... आवाज येल?"

"डॉक्टरीन बोलली, छातीला आराम भेटला तर बोलाला दम राहतो."

"मंग लाव."

तिनं मास्क बसवला, पट्टे ओढले. मशीन सुरू झालं, त्याची छाती भरली, रिकामी झाली, पुन्हा भरली. तिला देवळात गेल्यासारखं वाटलं. पण तसं बोलून दाखवलं असतं तर त्यानं तोंड फिरवलं असतं. ती त्याला चांगली ओळखत होती.

चार दिवसांत फरक पडला. सकाळचं डोकं ठणकायचं थांबलं, दोन-तीन शब्द दमात वाढले. पण झाडाच्या शेंड्यापर्यंत पोचेल एवढा आवाज काही आला नाही. त्यावर तोड काढली तेजलनं. बापाचा फोन तिनं छोट्या पिशवीत घालून त्याच्या गळ्यात अडकवला, हनुवटीच्या खाली. आईच्या कानात आपले इअरफोन खुपसले, तिचा फोन शर्टाच्या खिशात, आणि फोन लावून दिला. "आता बोला दोघं. कट नाय करायचा."

पंचवीस वर्षांच्या संसारात ही दोघं फोनवर 'कुठं हाय' आणि 'येतो' यापलीकडे बोलली नव्हती. आता तो खाली खुर्चीत, ती वर पानांत, आणि त्याचा आवाज तिच्या कानाच्या आत. श्वाससुद्धा ऐकू येई. नवरा इतक्या जवळून बोलतोय याची तिला पहिल्या दिवशी लाजच वाटली.

"डावा पाय... बेचक्यात. थांब. हात वर... ती नको, मागली. हां."

"ही?"

"हां. तोल खोडाकडं... ठेव. घोस वढू नको. पिळ... जरासा."

एक झाड, दीड झाड, असा रोजचा दिवस जाऊ लागला. मुंग्या चावत, दंडाची जखम फुटे, मांड्या भरून येत. खाली भिमाबाई दोरीनं उतरलेल्या टोपल्या घेई आणि जास्त पिकलेलं फळ वेगळं काढी. गावानं दोन दिवस हसून घेतलं आणि मग हसायचं सोडून दिलं, कारण पाट्या तशाच उतरत होत्या, भुकटी न पुसलेल्या.

सातव्या झाडावर असताना एकदा बराच वेळ कानात नुसता श्वास ऐकू आला. मग तो म्हणाला, "तुळशे. मी घाबरतो."

ती थांबली. पानांतून त्याचा चेहरा दिसत नव्हता, आणि म्हणूनच तो बोलला असावा.

"कशाला घाबरता?"

"गुदमरून... जाला. मराला नाय. गुदमराला."

तुळशीनं फांदी घट्ट धरली. "मी पन घाबरते," ती म्हणाली. "रोज सकाळी तुमच्या छातीकडं बघते आधी, मंग चूल."

"डॉक्टरीन बोलत होती... गळ्याला भोक पाडून... नळी. मला नको. मास्कपर्यंतच. त्याच्या म्होरं... नको."

खाली भिमाबाई पानं निवडत होती. पोपटांचा थवा पलीकडच्या झाडावर बसला. तुळशीला ओरडावंसं वाटलं, की मग मी कशाला चढते रोज, कुणासाठी? पण कानातला श्वास तिच्या उत्तरासाठी थांबला होता.

"आन गुदमरू नाय देनार, अशी दवा असते. डॉक्टरनीला इचारीन मी," ती म्हणाली.

"इचार."

"बरं."

"बरं," तोही म्हणाला. मग म्हणाला, "उजवीकडं घोस... राहिला एक." तिनं तो तोडला. डोळ्यांत पाणी असल्यामुळे तिला तो दिसला नव्हता.

त्याच सुमाराला तुळशीच्या ध्यानात एक गोष्ट आली. तिनं चूक केली की बाळाजीत जीव येई. चुकीच्या फांदीकडे हात गेला की तो "आगं गाढवे" म्हणून कानात खेकसे, आणि त्या दिवशी पेज वाटीभर जास्त जाई. बरोबर केलं की "हां" एवढंच. आणि तिला तर झाडं कळू लागली होती. पोकळ फांदीवरची पानं जरा लहान असतात, सालीवर बारीक भोकं असतात, टिचकी मारली की आवाज भद्द येतो. हे सगळं आठ दिवसांत तिच्या अंगात उतरलं होतं.

म्हणून ती विसरू लागली. "कुठला पाय बोललात?" "ही मागली का पुढली?" "काल सांगितलं ते डोक्यातून गेलं बघा." रोज एक-दोन चुका, फार नाही, फार केल्या असत्या तर लबाडी उघडी पडली असती. तो वैतागे, दम खाई, पुन्हा पहिल्यापासून सांगे. दुपारी स्वतःहून मास्ककडे बघे, कारण उद्या हिला परत शिकवायचं होतं. तुळशी आयुष्यात कधी इतकी मठ्ठ नव्हती आणि कुणाला तिनं इतकं फसवलंही नव्हतं. मास्क काढला की त्याचे शब्द मात्र पुन्हा कमी होत चालले. चारावर आले, मग तीनावर. डॉक्टर म्हणाल्याच होत्या.

शेवटी राहिलं अकरावं, ओळीच्या टोकाचं म्हातारं झाड. ते सगळ्यांच्या मागून पिके. बाळाजीच्या आजोबांच्याही आधीचं, त्यावर निम्म्या फांद्या दगाबाज. त्या सकाळी आभाळ भरून आलं होतं, आजच काढायला हवं होतं. भिमाबाई बाजाराला गेली होती. तुळशी चढली. पहिल्या बेचक्यात उभी राहून तिनं नेहमीसारखं विचारलं, "आता कुठं?"

कानात नुसता श्वास.

"अवो?"

तिनं खाली बघितलं. तो वर बघत होता, डोळे उघडे, पापणी हलली. दम लागला असेल, तिला वाटलं. बोलायला लावू नये. आभाळाकडे एकदा बघून ती कामाला लागली. डावा पाय वर, टिचकी, ही नको, पलीकडची, तोल खोडाकडे, घोस पिळून टोपलीत. भरलेली टोपली फांदीला, दुसरी कमरेला, शेवटी सगळ्या दोरीनं खाली. पश्चिमेच्या दोन फांद्यांना तिनं हातही लावला नाही. तास-दीड तासात झाड रिकामं करून ती पूर्वेच्या अंगानं उतरली, कारण पश्चिमेला पाय ठेवायला जागा कुजलेली होती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

जमिनीला पाय लागल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते.

बाळाजी तिच्याकडे बघत होता. दम लागला नव्हता. तो मुद्दाम गप्प बसला होता.

"येतं की... तुला."

"आज जमलं. असंच."

"कवापासून... येतं?"

तुळशीनं कानातले इअरफोन काढले. दोघं हाताच्या अंतरावर होती, फोनची गरज नव्हती.

"खोटारडे," तो म्हणाला. रागानं नाही म्हणाला. झाडांच्या ओळीकडे त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतलं. "मंग झालं... माझं काम."

तुळशी त्या जांभळ्या चिखलातच बसली. एवढ्या महिन्यांत ती कुणापुढं रडली नव्हती, नवऱ्यापुढं तर नाहीच. आता तिनं त्याच्या निर्जीव गुडघ्यांना मिठी मारली आणि पोर रडतं तशी मोठ्यानं रडली. "नाय झालं. मला नाय येत. पुढल्या वर्साला सगळं इसरंन मी. एक फांदी आठवनार नाय मला, सांगून ठेवते. पडंन मी, मरंन. तुम्ही काय बोलता झालं म्हनून?"

तिचं डोकं कुरवाळायला त्याला हात नव्हता. तो नुसता बघत राहिला, आणि त्याच्याही हनुवटीवरून पाणी गळत राहिलं. थेंब पडू लागले तशी ती उठली, खुर्ची ढकलत घरात नेली, मग पाट्या आणल्या, मग फोन पिशवीतून काढून पुसून ठेवला.

दुपार झाली होती. तिनं खुंटीवरच्या पिशवीतून मास्क काढला, पट्टे सरळ केले. त्यानं मान हलवली, थांब म्हणून. तिला वाटलं, आता नको म्हणणार, आता तोंड फिरवणार.

"नाक्यावरचं," तो म्हणाला.

"काय?"

"पहिलं झाड. डावा पाय... बेचक्यात. मागली फांदी... धर." तो थांबला, श्वास गोळा केला. "दुसरं. शेंड्याला... जाऊ नको. झेपत... नाय त्याला."

तुळशी मास्क हातात धरून त्याच्या समोर उकिडवी बसली. हे सारं तिला तोंडपाठ होतं, आणि तिला तोंडपाठ आहे हे त्याला माहीत होतं. ती मान डोलवत ऐकत राहिली, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. मध्ये एकदा तिनं "डावा का उजवा?" असंही विचारलं. त्यानं "डावा... गाढवे," म्हटलं. राजाबाई उंबऱ्यातून हे बघत होती, तिला काही उमगत नव्हतं.

तिसऱ्या झाडापर्यंत तो पोचला. विहिरीवरच्या झाडाची एकच फांदी सांगून झाली आणि दम संपला. ओठ निळसर झाले. बऱ्याच वेळानं दोन शब्द निघाले.

"उरलेली... उद्या."

"बरं," तुळशी म्हणाली. तिनं मास्क त्याच्या नाकातोंडावर बसवला, पट्टे मागं ओढले आणि बटण दाबलं.